वऱ्हाडचा कापूस आणि गोदावरीचें लॉक

अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, बुलढाण्याजवळ, उगम पावणारी पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत शिरते. म्हणून मेहकरचा कोणी गृहस्थ राजमहेंद्रीशेजारच्या धवळेश्वरम् येथें जाऊन उभा राहिला, तर समोरच्या पाण्यांत त्याच्या गांवच्या पाण्याचाही अंश असतो. येथेंच आर्थर कॉटन या इंजिनियरानें १८४७ ते १८५२ या काळांत गोदावरीस बंधारा घालून कालवे काढले. तो बंधारा जाऊन आतां कॉटनच्याच नांवाचें बराज उभें आहे.

कालव्याच्या मुखाशीं लॉक आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारें असलेला लांबट दगडी हौद. वरच्या अंगानें नाव आंत आली कीं मागलें दार मिटावयाचें आणि झडपांतून पाणी हळूहळू खालीं सोडावयाचें. पाण्याबरोबर नाव उतरते. दोहींकडची पातळी एक झाली कीं पुढलें दार सहज उघडतें. तोंवर दहा माणसांनीं जोर केला तरी तें हलत नाहीं, कारण पाण्याचा दाबच त्यास मिटून धरतो. वर चढावयाचें असल्यास हाच क्रम उलटा.

नांवांतच कापूस असलेल्या या इंजिनियराचा मनोरथ असा कीं, नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धेकांठीं नावेंत चढावा आणि काकिनाड्याच्या बंदरास पोंचावा. वाटेंत तीन ठिकाणीं नदी खडकांतून धांवते. त्यांपैकीं पहिल्या ठिकाणीं, भद्राचलमजवळ दुम्मगुडेम येथें, बंधारा व लॉक झालें. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) कापसाचा भाव भडकला होता. परंतु नदींत नाव चालावी इतकें पाणी वर्षांतून थोडेच महिने असे. आगगाडीस ऋतु नव्हता. १८६७ मध्यें ती नागपुरास पोंचली. १८७० मध्यें कापसाची मोठी पेठ असलेल्या खामगांवास जलंबहून फांटा निघाला व खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तेथें आले. पुढच्याच वर्षीं वरच्या गोदावरीचें काम बंद झालें.

कालवा माल नेतो आणि शेतही भिजवितो, रूळ भिजवीत नाहींत, हें कॉटनचें म्हणणें मात्र राहून गेलें. १८९९ च्या जुलैंत तो वारला. त्याच वर्षीं पाऊस फिरकला नाहीं आणि वऱ्हाड दुष्काळांत होरपळला. आगगाडीनें धान्य आणतां आलें, पाणी नव्हे. तरी खरें सांगावयाचें तर, नावांची ती वाट पुरी झाली असती तरी बुलढाण्याच्या शेतांस तिचा थेंब मिळाला नसता. लॉक खालच्या अंगास आणि शेतें वरच्या अंगास होतीं.