भिंतीवरचे वेळापत्रक

वर्गात थंडी वाजते ती तिथे बसणाऱ्यांना. तिच्यावर इलाज करणारा मात्र तळघरात असतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकविणारे वॉरन जॉन्सन या विसंगतीने त्रस्त झाले होते. शिपायाने वर्गावर्गांत जाऊन तापमापक पाहावा आणि मग तळघरात उतरून भट्टीच्या झडपा कमीजास्त कराव्यात, अशी तेथील रीत होती. तासाची लय मोडणे म्हणजे काय, हे अध्यापकांना वेगळे सांगायला नको. १८८३ मध्ये जॉन्सन यांनी विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गातील उष्णता बदलली की तळघरात सूचना जाई आणि शिपायाची फेरी वाचे.

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द याहून जुना आहे. ‘उष्ण’ आणि ‘स्थिर’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर यांनी तो १८३० मध्ये घडविला. या उपकरणाचे मूळ कार्य त्या नावातच आहे: ठरलेली उष्णता स्थिर राखणे. त्याच्या पुढील इतिहासाकडे मात्र या स्थैर्याला दिलेली सोडचिठ्ठी म्हणूनच पाहावे लागते. १९०६ च्या सुमारास मिनियापोलिस येथील एका कंपनीने थर्मोस्टॅटला घड्याळ जोडले. रात्री उष्णता आपोआप उतरू लागली, पहाटे चढू लागली. भिंतीवरच्या यंत्राला प्रथमच घराची दिनचर्या ‘ठाऊक’ झाली.

ही सोय पुढे कर्तव्य बनली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविणे हा राष्ट्रीय प्रश्न झाला. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून आवाहन केले, की घरातील तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ आणि १३ अंश सेल्सिअस ठेवावे. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटने हे काम माणसाच्या हातून काढून घेतले. उठणे, बाहेर पडणे, परतणे, झोपणे अशा चार प्रहरांत त्याने दिवस विभागला.

समीक्षेत आपण ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना वापरतो. या यंत्रालाही एक अभिप्रेत गृहस्थ आहे. तो नेमाने सकाळी कामावर जातो आणि त्याच्यामागे घर रिकामे असते. दिवसभर घरात असणारी गृहिणी, आजारी माणूस, वृद्ध आईवडील, पाळीत काम करणारा कामगार यांना या चार प्रहरांत जागा नाही. ती त्यांना बटणे दाबून मिळवावी लागते.

हीट पंप आला की हे गृहीतक आणखी एका बाजूने अडचणीत येते. भट्टी उष्णता निर्माण करते. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणतो. म्हणूनच एक युनिट विजेत तो साधारणपणे दोन ते चार युनिट उष्णता देतो, पण सावकाश. रात्री तापमान बरेच उतरवून पहाटे ते एकदम चढवायला सांगितले, तर जुळणी नसलेला थर्मोस्टॅट पूरक तापतारा चालू करतो. त्या तारा एका युनिटाला एकच युनिट उष्णता देतात. रात्रभराची बचत अशा वेळी तासाभरात खर्ची पडू शकते.

जुना थर्मोस्टॅट बदलणाऱ्याने हा भेद आधी ध्यानात घ्यावा. हीट पंपासाठीच केलेला थर्मोस्टॅट पहाटे लवकर, हळूहळू उष्णता चढवतो आणि पूरक तापतारांना शक्यतो दूर ठेवतो. भिंतीतील तारांतही हा फरक दिसतो. उन्हाळा-हिवाळ्यानुसार पंपाची दिशा उलटविणाऱ्या झडपेची तार ‘ओ’ किंवा ‘बी’ या खुणेची असते, पूरक उष्णतेची तार निराळी असते. वीजप्रवाह बंद करून, जुन्या जोडणीचे छायाचित्र घेऊन मगच हात घालावा; झडपेची निवड चुकली तर भर थंडीत घरात गार वारा सुटतो.

अमेरिकी शासनाच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला दिलेली मान्यतेची मुद्रा २००९ च्या अखेरीस काढून घेतली. कागदावरची बचत घरांत सिद्ध होत नव्हती. यंत्र बिघडले नव्हते. अनेकांनी त्याचे वेळापत्रक भरलेच नव्हते, किंवा ते बाजूला सारून एकच तापमान कायम केले होते. यात लोकांचा आळस पाहणे सोपे आहे. मला त्यात अभिप्रेत गृहस्थ होण्यास दिलेला नकारही दिसतो.

जॉन्सन यांचे उपकरण खोलीतील माणसांना काय जाणवते आहे, एवढेच तळघराला कळवीत होते. घड्याळ आल्यावर माणसांना काय जाणवायला हवे, हे यंत्र आधीच ठरवू लागले. नवा थर्मोस्टॅट बसविताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत: आपल्या भिंतीमागे भट्टी आहे की पंप, आणि दुपारी घरात कोण असते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत नसते.