भाड्याचे आकाश

जुलै १९६२ मध्ये प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावरून अमेरिकी लष्कराने एक रॉकेट सोडले. त्याच्या टोकाला १.४ मेगाटनांचा अणुबाँब होता आणि तो जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फोडण्यात आला. हजाराहून अधिक किलोमीटर दूरच्या होनोलुलू शहरात रस्त्यांवरचे काही दिवे विझले. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्या चाचणीचे नाव. दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, केप कॅनव्हेरलहून ‘टेलस्टार’ हा दळणवळणाचा उपग्रह निघाला. तो सरकारी मालकीचा नव्हता. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने तो आपल्या बेल प्रयोगशाळेत, स्वतःच्या खर्चाने घडवला होता आणि प्रक्षेपणाचे पैसेही ‘नासा’ला मोजले होते. टेलस्टारमुळे अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या लोकांनी एकमेकांकडची दृश्ये प्रथमच थेट पाहिली. पण अणुस्फोटाने पृथ्वीभोवती सोडलेल्या इलेक्ट्रॉनांचा मारा त्याच्या ट्रान्झिस्टरांना सोसवला नाही. नोव्हेंबरमध्ये उपग्रह जमिनीवरच्या आज्ञा घेईनासा झाला. जानेवारीत अभियंत्यांनी त्याला पुन्हा बोलते केले, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला.

खासगी अवकाश-उद्योगाच्या पहिल्याच मोठ्या उपग्रहाला लागलेली ही झळ कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. तरीही त्या उद्योगाचे पुढचे नशीब तिच्यात दिसते. उपग्रह कंपनीचा असो वा सरकारचा, युद्धाची आणि युद्धाच्या तयारीची आच त्याच्यापर्यंत पोहोचतेच. गेल्या ६० वर्षांत बदलले ते सैन्य आणि कंपनी यांचे परस्परांतले स्थान.

सुरुवातीला सैन्य केवळ एक गिऱ्हाईक होते. १९९१ च्या आखाती युद्धात वाळवंटात वाट शोधायला अमेरिकी सैनिकांना जीपीएस हवे होते, पण लष्करी यंत्रे पुरेशी नव्हती. मग ट्रिम्बल आणि मॅगेलन या कंपन्यांची बाजारात मिळणारी यंत्रे हजारोंनी विकत घेण्यात आली. काही सैनिकांनी ती घरून पोस्टाने मागवली. नागरी यंत्रांना ठावठिकाणा थोडा चुकीचा कळावा म्हणून जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम त्रुटी मिसळलेली असे. आपलेच सैनिक नागरी यंत्रे वापरत असल्याने सरकारला ती त्रुटी तात्पुरती काढून टाकावी लागली. त्याच युद्धात बगदादमध्ये थांबलेल्या पीटर आर्नेट या पत्रकाराने उपग्रह-फोनवरून सीएनएनला बातम्या दिल्या.

त्यानंतर गिऱ्हाईकच तारणहार झाले. मोटोरोलाच्या पुढाकाराने सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे ‘इरिडियम’ जाळे उभे राहिले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली. जगाच्या पाठीवर कुठूनही फोन लागणार होता, पण तोवर शहरोशहरी साधे मोबाइल आले होते आणि इरिडियमचा जाडजूड महागडा फोन घ्यायला लोक तयार नव्हते. वर्षभराच्या आत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सगळे उपग्रह वातावरणात जाळून टाकण्याची योजनाही ठरली होती. डिसेंबर २००० मध्ये पेंटॅगॉनने दोन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचे कंत्राट दिले आणि त्या आधारावर नव्या मालकांनी सगळे जाळे अवघ्या अडीच कोटी डॉलरमध्ये विकत घेतले. पुढे अफगाणिस्तानच्या डोंगरांत आणि इराकमध्ये हेच फोन सैन्याच्या हाती होते.

२००१ च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानवर हल्ले सुरू झाले तेव्हा आणखी एक प्रश्न पुढे आला. ‘आयकोनॉस’ हा खासगी उपग्रह जमिनीवरची मीटरभर लांबीची वस्तू टिपत होता आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही त्याची छायाचित्रे मिळू शकत होती. कायद्याने अमेरिकी सरकार कंपनीला छायाचित्रे थांबवण्याचा हुकूम देऊ शकले असते. त्याऐवजी त्याने युद्धक्षेत्रावरच्या सगळ्या छायाचित्रांचे हक्क महिन्याला सुमारे १९ लाख डॉलर देऊन विकत घेतले. आकाशातल्या डोळ्यावर पडदा टाकायला थैली पुरली.

युक्रेनमध्ये मात्र थैलीने भागले नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा सीमा ओलांडत असतानाच पहिला घाव एका खासगी कंपनीवर पडला. व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या ‘केए-सॅट’ उपग्रहाला हल्लेखोरांनी हात लावला नाही. त्यांनी जमिनीवरच्या व्यवस्थापन यंत्रणेत शिरून हजारो ग्राहकांच्या मोडेममधली स्मृतीच पुसून टाकली. युक्रेनचे लष्करही हे जाळे वापरत होते. झळ युक्रेनच्या बाहेरही गेली: जर्मनीत एनरकॉन कंपनीच्या ५८०० पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण त्यांच्यावर दुरून लक्ष ठेवण्याची सोय नाहीशी झाली. मे महिन्यात युरोपीय संघ, अमेरिका आणि ब्रिटन यांनी या हल्ल्यासाठी रशियाला जबाबदार धरले.

हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, युक्रेनचे तत्कालीन डिजिटल परिवर्तन मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी इलॉन मस्क यांना ट्विटरवर जाहीरपणे साकडे घातले. काही तासांत उत्तर आले की मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीची स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा युक्रेनमध्ये सुरू झाली आहे. २८ तारखेला डिशांनी भरलेला पहिला ट्रक पोहोचलाही. एप्रिलपर्यंत अमेरिकी मदतसंस्था यूएसएड आणि स्पेसएक्स यांनी मिळून ५००० संच पाठवले. त्यांतले ३६६७ कंपनीने दिले होते. पुढे पोलंडने हजारो संचांचा आणि त्यांच्या मासिक शुल्काचा भार उचलला.

हे इतक्या झटपट जमले त्यामागे उंचीचे गणित आहे. दळणवळणाचे पारंपरिक उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथपर्यंत जाऊन परतायला संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो आणि एक उपग्रह बिघडला की सगळा प्रदेश अंधारात जातो. स्टारलिंकचे उपग्रह जेमतेम ५५० किलोमीटरवरून फिरतात. ते संख्येने हजारो आहेत, त्यामुळे एक डोक्यावरून सरकला की दुसरा त्याची जागा घेतो. जमिनीवरची चपटी डिश न हलता, केवळ विजेच्या खेळाने आपला किरण एका उपग्रहावरून दुसऱ्यावर वळवते. त्यामुळे वीज गेलेल्या गावात जनरेटर आणि डिश जोडून मोबाइल टॉवर पुन्हा सुरू करता आला. मारिउपोलच्या अझोवस्ताल पोलाद कारखान्यात वेढलेले सैनिक जगाशी बोलू शकले. ड्रोनने टिपलेले चित्र तोफखान्यापर्यंत त्याच क्षणी पोहोचू लागले.

त्याच आठवड्यांत युद्धाने एका दुसऱ्या खासगी जाळ्याला रस्त्यात गाठले. भारती उद्योगसमूह आणि ब्रिटिश सरकार यांची भागीदारी असलेल्या वनवेबचे ३६ उपग्रह कझाकस्तानातल्या बैकानूर तळावर सोयुझ रॉकेटवर चढवलेले होते. रशियाच्या रॉसकॉसमॉस संस्थेने अट घातली: उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही याची हमी द्या आणि ब्रिटिश सरकारने आपला हिस्सा सोडावा. रॉकेटवरचे अमेरिका, ब्रिटन आणि जपानचे झेंडे झाकण्यात आले. भारताचा तिरंगा तसाच राहिला. ब्रिटनने अट धुडकावली, प्रक्षेपण रद्द झाले आणि ते ३६ उपग्रह बैकानूरलाच अडकून पडले. वनवेबला नवे वाहन शोधावे लागले. स्पर्धक असूनही स्पेसएक्सने त्यांचे काही उपग्रह नेले. भारताची ‘न्यूस्पेस इंडिया’ ही सरकारी कंपनीही पुढे आली. २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ या भारतीय रॉकेटने दोन खेपांत ७२ उपग्रह कक्षेत ठेवले. एलव्हीएम-३ चे ते पहिले व्यापारी काम. बंद झालेल्या रशियन दाराने या रॉकेटला जागतिक प्रक्षेपण बाजारात असा प्रवेश मिळवून दिला.

स्टारलिंकने युक्रेनला तारले, यात शंका नाही. पण तारणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न सहा-सात महिन्यांतच उभा राहिला. रशियाव्याप्त क्रिमियात सेवा चालू नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये सेवास्तोपोलच्या आरमारावर सागरी ड्रोनांनी हल्ला करता यावा म्हणून ती चालू करण्याची विनंती युक्रेनने केली. मस्क यांनी ती नाकारली; आपली कंपनी युद्ध भडकवण्यात भागीदार ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीच्या अध्यक्षा ग्विन शॉटवेल यांनी ही सेवा शस्त्र म्हणून वापरण्यासाठी कधीच नव्हती, असे सांगत ड्रोनसाठीचा तिचा वापर मर्यादित केल्याचे जाहीर केले. जून २०२३ मध्ये पेंटॅगॉनने युक्रेनसाठीच्या सेवेचे रीतसर कंत्राट केले तेव्हा कुठे या व्यवहाराला सरकारी कागद मिळाला. सरकारी कागदही अभेद्य नसतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने मॅक्सार कंपनीची उपग्रह-छायाचित्रे युक्रेनला काही काळ बंद केली. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकचे जगभरातले जाळे एका बिघाडाने सुमारे अडीच तास ठप्प झाले आणि युक्रेनच्या सगळ्या आघाडीवर संपर्क तुटला.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत मुका नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपन्यांच्या अवकाशातल्या कामाची जबाबदारी आणि देखरेख त्यांच्या देशाच्या सरकारवर आहे. पण करार लिहिला गेला तेव्हा एका कंपनीच्या हजारो उपग्रहांवर परक्या देशाची आघाडी उभी राहील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाने संयुक्त राष्ट्रांत बजावले की असे नागरी म्हणवणारे उपग्रह प्रत्युत्तराचे वैध लक्ष्य ठरू शकतात. परक्या कंपनीवरच्या अशा अवलंबनाला पर्याय म्हणून युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘आयरिस स्क्वेअर’ या सुमारे २९० उपग्रहांच्या स्वतःच्या जाळ्याचा करार केला.

भारताचा या विषयाशी संबंध दुखऱ्या जागेवरून येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ज्या ‘कुबेर’ नौकेतून आले तिच्यावर थुराया उपग्रह-फोन सापडला. तेव्हापासून परवान्याविना असा फोन बाळगणाऱ्यांवरची नजर अधिक कडक झाली. त्यामुळे मे २०२५ मध्ये उपग्रह-सेवांसाठी आलेल्या सुरक्षा अटी बारकाईच्या आहेत: माहिती देशातच ठेवणे, सरहद्दीपासून ५० किलोमीटरपर्यंत विशेष देखरेख, पुढे भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचा आधार. जूनमध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांसाठी कंपनीशी इरादापत्र केले.

गडचिरोलीच्या जंगलातल्या आरोग्य केंद्राला आणि शाळेला ही जोडणी हवीच आहे. ती उशिरा येते आहे याचीच खंत. मात्र भारतातली चर्चा बहुतेक सरकारच्या हक्कांभोवती फिरते, म्हणजे संदेश ऐकण्याच्या आणि प्रसंगी सेवा बंद पाडण्याच्या हक्कांभोवती. युक्रेनचा अनुभव उलट बाजूने बोलतो. संकटात सेवा चालू ठेवण्याचे कंपनीवरचे बंधन, ती कमी करायची असल्यास आधी द्यायची सूचना आणि त्या निर्णयाला उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्याचे पद, या तीन गोष्टी करारात शांततेच्या काळातच लिहून घ्यायला हव्यात. फेदोरोव्ह यांच्याकडे त्यासाठी दोन दिवससुद्धा नव्हते. भारताकडे अजून वेळ आहे.