पीळ उजवा की डावा?

मी उर्दू-मराठीची शिक्षिका. विज्ञान प्रदर्शन आलं की तक्त्यांवरचं शुद्धलेखन तपासण्याचं काम माझ्याकडे येतं. यंदा नववीच्या एका मुलीने डीएनएची पिळदार शिडी काढली होती. अक्षरं तपासून मी सही करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘‘टीचर, पुस्तकातला पीळ उजवीकडे चढतो. माझा डावीकडे चढलाय. बटर पेपरवर ट्रेस करून कागद उलटा ठेवला, त्यामुळे झालं असेल.’’

मी घाईत होते. ‘‘तक्ता उलटा टांग, होईल बरोबर,’’ म्हणाले.

तिने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण काढून तोंडाचे आटे दाखवले आणि बाटली उलटी धरली. आटे आधी जिकडे चढत होते तिकडेच चढत होते. पीळ उलटा टांगून बदलत नाही, आरशात बदलतो. मी चूक सांगितलं होतं, आणि तेही खात्रीने.

त्या रात्री वाचायला बसले, तेव्हा कळलं की या पिळाचा इतिहास आमच्या मोहन्याला अगदीच परका नाही.

मोहने म्हणजे एनआरसी. नॅशनल रेयॉनचा हा कारखाना 2009 साली बंद पडला, पण त्याआधी इथे घराघरात धाग्याच्या गोष्टी चालायच्या. अब्बा तिथेच कामाला होते. ते सांगायचे, रेयॉन भिजला की त्याची ताकद निम्म्यावर येते, सुकला की परत येते. धागा तोच, पाण्याने त्याचा स्वभाव बदलतो.

डीएनएची कहाणीही धाग्यापासून आणि पाण्यापासूनच सुरू होते. इंग्लंडमधलं लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथे विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण सोडून त्यांची आतली रचना शोधत असत. 1938 मध्ये त्यांनी आणि फ्लॉरेन्स बेल यांनी डीएनएचा तंतू ताणून त्याचीही छायाचित्रं घेतली. ती अस्पष्ट आली. त्यात दोन रूपं एकमेकांत मिसळली होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

ही रूपं वेगळी केली ती रोझालिंड फ्रँकलिन यांनी. 1951 पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजात रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्यासोबत त्या काम करत होत्या. तंतूभोवतीच्या हवेतली आर्द्रता त्यांनी काटेकोरपणे कमीजास्त केली. आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास असताना डीएनए आखूड आणि जाड होता. 92 टक्क्यांच्या वर नेली की तोच तंतू लांब आणि बारीक झाला. पहिल्या रूपाला ‘ए’ नाव मिळालं, दुसऱ्याला ‘बी’. ‘ए’च्या एका वळशात सुमारे 11 जोड्या बसतात, ‘बी’च्या वळशात सुमारे 10. दोन्हींचा पीळ उजवा. मे 1952 मधलं प्रसिद्ध ‘छायाचित्र 51’ हे ‘बी’ रूपाचंच. ते फ्रँकलिन यांना न कळवता जेम्स वॉटसन यांना दाखवलं गेलं, आणि एप्रिल 1953 मध्ये वॉटसन-क्रिक यांची रचना ‘नेचर’मध्ये छापून आली. फ्रँकलिन 1958 साली अवघ्या 37 व्या वर्षी गेल्या. पाठ्यपुस्तकातली शिडी म्हणजे हेच ‘बी’ रूप. आपल्या पेशींत पाणी भरपूर, म्हणून तिथेही बहुतेक डीएनए याच रूपात असतो.

मग डावा पीळ नसतोच का? असतो. 1979 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू वांग, अलेक्झांडर रिच आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या एका छोट्या तुकड्याचा स्फटिक तपासला, तर पीळ डावा निघाला. त्याचा कणा नागमोडी, म्हणून नाव ‘झेड’.

चार पदरी डीएनएही असतो. आंबिवलीहून लोकल पकडली तर सीएसएमटीला उतरून कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था गाठता येते. तिथे रामकृष्ण होसूर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांऐवजी चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे द्रावणातच, डीएनएची रूपं अभ्यासली. माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकांवर जो क्रम असतो, त्याच्या तुकड्यांत चार ॲडेनिन एका पातळीत जुळलेले त्यांना दिसले. ते काम 1999 मध्ये प्रसिद्ध झालं.

हे वाचल्यावर मला पळवाट दिसली. दुसऱ्या दिवशी तिला सांगता आलं असतं, ‘‘डावा डीएनएही असतो, तुझा तक्ता ठीक आहे.’’ पण ‘झेड’ म्हणजे ‘बी’चं आरशातलं प्रतिबिंब नव्हे. त्याच्या एका वळशात 12 जोड्या असतात आणि कण्याचा आकारच निराळा. तिचं चित्र ‘बी’ म्हणून चुकलेलं होतं आणि ‘झेड’ म्हणूनही. अर्ध्या माहितीने चूक झाकली असती, तर तिची बाटली मी दुसऱ्यांदा खोटी पाडली असती.

म्हणून वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘काल मी चुकीचं सांगितलं. ही बरोबर होती.’’

तिने शिडी नव्याने काढली, उजव्या पिळाची. शेजारी डावी ‘झेड’ आणि चार पदरांचा छोटा तुकडा काढला. वर शीर्षक लिहिलं, ‘डीएनए एक, रूपं अनेक’. खाली तेच उर्दूत. या वेळी सही करण्याआधी मी अक्षरांबरोबर पीळही तपासला.