१२५ नंबरची गोष्ट

या वेळचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या मावशीचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. रिपोर्टवर 'सीए-१२५' आणि त्यापुढे एक आकडा. ३५ च्या खाली असला की घरात शिरा! मी सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये ग्राफ करून ठेवलाय.

या वेळी आकडा १४ वरून एकदम ७८. पुन्हा तपासलं, तेच. स्कॅनमध्ये काही नाही, मावशीला त्रासही नाही. डॉक्टर म्हणाले, "लगेच केमो नको, थांबून बघू." मला हे अजिबात पटलं नाही. सर्व्हरवर वॉर्निंग येत असताना तो बंद पडायची वाट कोण बघतं? त्यामुळे गेले दोन वीकेंड या आकड्याचा इतिहास वाचण्यात गेले.

गोष्ट सुरू होते बॉस्टनमध्ये, डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती काढली होती (त्याबद्दल १९८४ चं नोबेल). रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती वापरली. उंदरांना अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी टोचायच्या आणि उंदरांनी बनवलेल्या अँटीबॉडींमधून फक्त कॅन्सरला चिकटणारी शोधायची. एकामागून एक नमुने तपासत गेले. कामाचा निघाला तो १२५ नंबरचा. १९८१ मध्ये शोधनिबंध आला. अँटीबॉडीचं नाव ओसी-१२५, आणि ती ज्याला चिकटते ते सीए-१२५. म्हणजे १२५ हे कसलंही माप नाही, आमच्या बग-ट्रॅकरमधल्या तिकिटासारखा निव्वळ अनुक्रमांक!

१९८३ मध्ये रक्ततपासणी आली. ८८८ निरोगी माणसांपैकी फक्त १ टक्का ३५ च्या वर, आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांपैकी ८३ जणी वर. आपल्या रिपोर्टवरची ३५ ची रेघ तिथून आली.

आता गंमत बघा. तपासणी जगभर सुरू झाली, पण रक्तात नेमकं काय मोजतोय हे जवळजवळ वीस वर्षं कळलंच नव्हतं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या यिन आणि लॉईड यांनी त्याचा जीन शोधला. ते निघालं एक म्यूसिन, म्यूक-१६. म्यूसिन म्हणजे शेंबूड, लाळ यांना बुळबुळीत करणारी प्रथिनं. बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिन, आणि चहूबाजूंचे केस म्हणजे साखरेच्या साखळ्या. हा ब्रश अवाढव्य आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत दीडशेच्या आत अमिनो आम्लं असतात, याच्यात सुमारे २२,००० आणि त्यातही १५६ चा एकच तुकडा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा. चक्क कॉपी-पेस्ट केलेला कोड!

निरोगी शरीरात हे म्यूसिन डोळ्याच्या पृष्ठभागावर आणि श्वासमार्गात पहारा देतं. कॅन्सरची पेशी तेच चिलखत स्वतःसाठी वापरते. २००४ मध्ये दिसलं की ते पोटाच्या अस्तरावरच्या मेसोथेलिनला चिकटतं, म्हणजे कॅन्सर पोटात पसरायला ते हातभार लावत असावं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मनीष पाटणकर यांच्या गटाने दाखवलं (आडनाव बघून साहजिकच दोन मिनिटं थबकलो), की या ब्रशमुळे शरीराच्या मारेकरी एनके पेशींना कॅन्सरला नीट भिडताच येत नाही.

या ब्रशचा बाहेरचा भाग तुटून रक्तात येतो. आपण मोजतो तो हा तुकडा. तो पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतो, आणि आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे पोटाच्या टीबीतही.

मग यालाच लक्ष्य करून प्रतिकारशक्ती जागवली तर? तोही प्रयत्न झाला. अबागोवोमॅब नावाची लस ८८८ रुग्णांच्या चाचणीत वापरली (वरच्या ८८८ शी संबंध नाही, योगायोग). २०१३ मध्ये निकाल आला: शरीराने प्रतिसाद दिला, पण कॅन्सर परत येणं लांबलं नाही. आता नव्या अँटीबॉडी एका हाताने म्यूक-१६ चा पेशीजवळ उरणारा बुंधा धरतात आणि दुसऱ्या हाताने टी-पेशीला ओढून आणतात. रक्तात तरंगणाऱ्या तुकड्यांच्या मागे लागायचं नाही, हा हेतू. त्यांच्या चाचण्या चालू आहेत.

आणि आता माझ्या भांडणाचं उत्तर. १९९६ मध्ये गॉर्डन रस्टिन यांनी ब्रिटन आणि युरोपात एक चाचणी सुरू केली. केमो संपलेल्या बायकांचा सीए-१२५ नियमित मोजायचा, पण आकडा रुग्णालाही सांगायचा नाही आणि डॉक्टरलाही नाही. तो मर्यादेच्या दुपटीवर गेला की चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना लगेच केमो, निम्म्यांना त्रास सुरू झाल्यावर. ५२९ जणी होत्या. २०१० मध्ये निकाल छापून आला. लगेच केमो घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य २५.७ महिने, थांबणाऱ्यांचं २७.१. म्हणजे घाई करून आयुष्य वाढलं नाही, केमोचा त्रास मात्र महिनोन् महिने आधी सुरू झाला. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनच्याच दोन लाख निरोगी बायकांच्या चाळणी-चाचणीचा निकाल आला. तिथेही मृत्यू कमी झाले नाहीत.

माझं सर्व्हरचं उदाहरण इथे साफ चुकलं. वॉर्निंग लवकर मिळण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा लवकर केलेल्या दुरुस्तीने काही फरक पडतो. (मी डॉक्टर नाही आणि त्या चाचणीनंतर नवी औषधंही आली आहेत, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या उपचारांबद्दल परस्पर निर्णय घेऊ नका.)

रविवारी मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या बायकांना आकडा माहीतच नव्हता? बरं होतं की मग. मलाही सांगू नकोस. डॉक्टरांना सांग, आणि मला कसं वाटतंय ते मला विचार."

पुढचा रिपोर्ट महिन्याभराने आहे. तो आता थेट डॉक्टरांकडे जाईल. मी रोज संध्याकाळी मावशीला फोन करतो. जेवलीस का, पोट फुगल्यासारखं वाटतंय का, एवढंच विचारतो. एक्सेलची फाईल अजून डिलीट केलेली नाही, पण उघडलेलीही नाही.