दसऱ्याची मेबॅक

मी मूळचा हिंगोलीचा. दसरा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते रामलीला मैदान, प्रदर्शन, धुळीत बसून खाल्लेली भजी आणि शेवटी रावणदहन. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे, चेष्टा नाही! पण पुण्यात नोकरीला आलो आणि रूममेट मिळाला कोल्हापूरचा. दसरा कुणाचा मोठा, यावर आमचे वाद रंगायचे. हरायला लागला की तो हुकमाचं पान टाकायचा, "तुमच्यात मेबॅक हाय का?"

नाही बुवा. आमच्याकडे मेबॅक नाही. आमचे राजे म्हणजे निजाम, आणि त्यांच्या गाड्या हैदराबादेत. सहाव्या निजामांनी 1911 मध्ये मागवलेली, मागे सिंहासनासारखं आसन असलेली पिवळी रोल्स-रॉइस आज चौमहल्ला राजवाड्यात आहे. गाडी येण्याआधीच ते वारले. हिंगोलीच्या वाट्याला अशातलं काही आलं नाही.

कोल्हापूरची मेबॅक मात्र शोकेसमधली नाही. राजाराम महाराजांनी 1930 च्या दशकात घेतलेली ही गाडी दसऱ्याला छत्रपतींना घेऊन दसरा चौकात येते, आणि मग सोनं लुटलं जातं. (जर्मन लोक 'मायबाख' म्हणतात. पण कोल्हापुरात मेबॅक, म्हणून इथेही मेबॅक.)

मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर रोल्स-रॉइस परत आली, बेंटली आली, मर्सिडीज आली. मेबॅकच का नाही आली?

गंमत म्हणजे मेबॅकच्या गाड्यांचा जन्मच मुळी एका महायुद्धातून झालेला. विल्हेल्म मेबॅक यांनी पहिली मर्सिडीज घडवली, त्यांचा मुलगा कार्ल झेपेलिन विमानांची, म्हणजे त्या अवाढव्य हवाई जहाजांची, इंजिनं बनवायचा. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, 1919 च्या व्हर्सायच्या तहाने विमानं बनवायला बंदी आली. आता या इंजिनवाल्यांनी करायचं काय? तर 1921 मध्ये त्यांनी स्वतःची मोटार काढली. पुढे बारा सिलिंडरची, आठ लिटरची 'झेपेलिन'ही आली. वीस वर्षांत मिळून जेमतेम 1800 च्या आसपास गाड्या. आपल्या एखाद्या कारखान्यातून तेवढ्या एका दिवसात बाहेर पडतात!

1941 मध्ये हे थांबलं. त्यानंतर फ्रीडरिक्सहाफेनच्या त्या कारखान्याचं नाव निघतं ते रणगाड्यांच्या संदर्भात. टायगर आणि पँथरमधलं 23 लिटरचं, सुमारे 700 अश्वशक्तीचं इंजिन मेबॅकचं होतं. 1944 च्या एप्रिलमध्ये गावावर जबर बॉम्बफेक झाली. युद्ध संपलं तेव्हा गाव फ्रेंचांच्या ताब्यात होतं.

हरलेल्या देशाचा कारखाना, म्हणून बंद पडला, असं मीही धरून चाललो होतो. पण मर्सिडीजही हरलेल्या देशाचीच की. त्यांचे कारखानेही भाजून निघाले होते. फरक असा, की त्यांच्याकडे 170 व्ही नावाची साधी छोटी गाडी होती. 1946 मध्ये त्यांनी तिच्यावर काय बनवलं? माल वाहायच्या गाड्या, रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या! उद्ध्वस्त देशाला तेच हवं होतं. त्या गाड्यांवर पोट भरत भरत 1951 मध्ये ते 300 या आलिशान गाडीपर्यंत पोचले.

इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसकडे क्रू इथला तयार कारखाना होता. युद्धात तिथे मर्लिन विमान-इंजिनं बनत. 1946 मध्ये मोटारी तिथे बनू लागल्या. पोलाद मोजून मिळायचं, आणि जो माल परदेशी विकेल त्याला आधी. म्हणून घरच्या श्रीमंताला थांबावं लागायचं. बेंटली मार्क 6 ची बॉडीसुद्धा त्यांनी पहिल्यांदाच साच्यातली, छापाच्या पत्र्याची घेतली. रोल्सवाल्यांनी तयार बॉडी घ्यायची म्हणजे आपल्याकडच्या पैठणीवाल्याने यंत्रमाग लावण्यासारखं. पण त्यामुळे 1952 पर्यंत पाच हजारांवर गाड्या गेल्या.

मेबॅककडे खालची पायरीच नव्हती. सांगाडा आणि इंजिन ते बनवायचे, बॉडी बहुतेक वेळा शेजारच्या राव्हेन्सबुर्गचा स्पोन हाताने घडवायचा. रुग्णवाहिका कशावर बांधणार, झेपेलिनवर? मग त्यांनी डिझेल इंजिनांचा रस्ता धरला. माझ्या मते शहाणपणाच केला.

आणि गिऱ्हाईक तरी कुठे उरलं होतं? राजाराम महाराज 1940 मध्येच गेले. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान संपलं, 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. दसऱ्याची गाडी राहिली. तशी दुसरी मागवणारं राज्यही नव्हतं आणि बनवणारा कारखानाही.

नाव परत आलं ते 2002 मध्ये, मर्सिडीजवाल्यांकडून. दहा वर्षांत ते पुन्हा गुंडाळलं, आणि 2014 पासून 'मर्सिडीज-मेबॅक' झालं. मूळ कारखान्याचा वारसा चालवणारी फ्रीडरिक्सहाफेनची इंजिन कंपनी आज कुणाची आहे माहितीये? रोल्स-रॉइसची! (मोटारवाली नव्हे, विमान-इंजिनवाली.) इतक्या वर्षांची स्पर्धा, आणि शेवटी हे.

2022 मध्ये मेबॅक एस 580 ची जुळणी चाकणला सुरू झाली. माझ्या ऑफिसपासून तासाभरावर. रूममेटला आता बायको-मुलं आहेत, तरी फोन करून ऐकवलंच, म्हटलं, आता तुमची मेबॅक आमच्या पुण्यात बनते, बोल!

तो शांतपणे म्हणाला, "असूदे चाकणला. आमच्यात दसऱ्याला जुनीच लागती."