हिमावर चालणारें चाक

फिनलंड देशांत हिंवाळ्याचे कित्येक महिने भूमि हिमाच्छादित असते. तेथील शेतकरी पूर्वीं हिम पडूं लागलें कीं गाड्यांचीं चाकें काढून ठेवी आणि घोड्यास घसरगाडी जोडी. चाक आणि हिम यांचें सख्य होणें नाहीं, हें त्यानें पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवानें ओळखलें होतें. मोटार आली तेव्हां मात्र ही वाट बंद झाली. कारण मोटारीस चाकावांचून गति नाहीं.

जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवा भरलेल्या टायराचें पेटंट घेतलें. या टायरानें प्रवास सुखाचा केला खरा. पण हिमावर गुळगुळीत रबर जागच्या जागीं गरगर फिरे. त्यावर पहिला नांवाजलेला तोडगा अमेरिकेंत निघाला. न्यूयॉर्क संस्थानांतील हॅरी वीड यांनीं १९०४ सालीं टायराभोंवतीं गुंडाळावयाच्या साखळीचें पेटंट मिळविलें. खोल हिमांत साखळीसारखा सोबती नाहीं. मात्र मोकळ्या रस्त्यावर ती खडखडते, गाडीस हळू चालावयास लावते, आणि गोठलेल्या बोटांनीं ती चढविणें व उतरविणें म्हणजे एक शिक्षाच.

साखळीचें काम खुद्द टायरानेंच करावें, ही कल्पना फिनलंडमध्यें मूर्त झाली. नोकिया गांवच्या रबर कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं ‘केलिरेंगास’ नांवाचा टायर काढला. जगांतील पहिला हिंवाळी टायर तो हाच. हिमांत रुतून बसावे असे जाड आडवे पट्टे त्याच्या पृष्ठभागावर होते. दोनच वर्षांनीं, १९३६ सालीं, लहान मोटारींकरितां ‘हाक्कापेलिट्टा’ टायर आला. तीस वर्षांच्या युद्धांत स्वीडनच्या सैन्यांत लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचें हें नांव. तें त्या टायरांवर आजहि टिकून आहे.

पण नुसत्या खांचांनीं काम भागत नाहीं. थंडींत तूप थिजावें तसें उन्हाळी टायराचें रबर, तपमान सात अंशांच्या खालीं उतरलें कीं, कठीण होऊं लागतें आणि त्याची पकड कमी होते. म्हणून हिंवाळी टायराचें रबर थंडींतहि मऊ राहील असें मिसळावें लागतें. उन्हाळ्यांत तेंच रबर भराभर झिजतें. यास्तव दोन ऋतूंचे दोन संच ठेवणें तेथील गृहस्थास भाग पडतें.

१९६० च्या सुमारास टायरांत पोलादी खिळे बसविण्याची रीत उत्तर युरोपांत पसरली. कठीण बर्फावर खिळा उत्तम रुततो. मात्र बर्फ नसेल तेथें तो रस्ताच खरवडतो. जपानमधील सेंदाई शहरांत १९८० नंतरच्या वर्षांत या खरवडण्यानें एवढी धूळ उडूं लागली कीं, नागरिकांनीं तक्रारी केल्या. चालकाची सुरक्षितता आणि पादचाऱ्याचा श्वास यांचा असा झगडा उभा राहिला. १९८८ सालीं ब्रिजस्टोन कंपनीनें सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा, बिनखिळ्यांचा ‘ब्लिझॅक’ टायर विक्रीस आणला. बर्फावरील पाण्याचा पातळ थर तीं छिद्रें शोषून घेतात. १९९० सालीं जपाननें खिळ्यांच्या टायरांस आळा घालणारा कायदा केला. फिनलंड, स्वीडन व नॉर्वे यांनीं मात्र आपले खिळे सोडले नाहींत; तेथील बर्फच तसा आहे.

आतां चाकाच्या आकाराचा प्रश्न. रुंद टायर दिसावयास भारदस्त. पण भुसभुशीत हिमावर तो तरंगूं पाहतो. अरुंद टायरावर तेंच वजन थोड्या जागेंत एकवटतें व तो हिम कापून खालच्या भूमीस भिडतो. उदाहरणार्थ, २०५/५५ आर १६ या खुणेंतील २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ ही बाजूच्या उंचीची रुंदीशीं शेंकडेवारी आणि १६ हा चाकाचा इंचांतील व्यास. या टायराचा एकंदर व्यास सुमारें ६३२ मिलिमीटर भरतो. १९५/६५ आर १५ चा व्यास सुमारें ६३४ आणि अर्धा. म्हणजे फरक अवघा अडीच मिलिमीटर. वेगदर्शक यंत्र जवळजवळ पूर्वींचाच आंकडा दाखवितें. टायराची बाजू उंच झाल्यानें हिमानें फुटलेल्या रस्त्यांवरील खड्ड्यांचे धक्के चाकाला कमी बसतात, आणि लहान टायर सहसा स्वस्तहि पडतो. मात्र लहान चाक ब्रेकला अडतां कामा नये, टायराची भारक्षमता कमी असतां कामा नये, आणि हिंवाळी टायर चारहि चाकांस एकसारखे हवेत. दोनच बसविले तर गाडीचें एक टोंक धरून राहतें व दुसरें सुटतें. वळणावर या विसंगतीचें फळ वाईट.

या गोष्टी पुढें केवळ चालकाच्या मर्जीवर राहिल्या नाहींत. १९९९ सालीं अमेरिका व कॅनडांतील रबर-उत्पादकांनीं कसोटीस उतरलेल्या टायरांसाठीं तीन शिखरें व हिमकण यांची खूण ठरविली. त्याच वर्षीं स्वीडननें, आणि २००८ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें, हिंवाळी टायर सक्तीचे केले. निसरड्या रस्त्यावर एकाची बेफिकिरी दुसऱ्याच्या जिवावर बेतते. घोड्याच्या घसरगाडीच्या काळीं जें शहाणपण प्रत्येकाच्या घरीं होतें, तें या रीतीनें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें गेलें.