छापून कोणाचे येते?

पत्रकारितेच्या वर्गावर मी गेली काही वर्षे शिकवतो आहे. विद्यार्थी वृत्तांत लिहून आणतात, मी तांबड्या शाईने ते दुरुस्त करतो, आणि मग एखादा विचारतोच, ‘सर, हे छापून कुठे येणार?’ मागे एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या पाणवठ्यावर लिहिले होते. मी ते एका दैनिकाकडे पाठविले. पोचही आली नाही. पंधरा दिवसांनी त्याच गावावर त्यांच्या वार्ताहराचा मजकूर आला. त्यात पाणवठा होता, जात नव्हती.

विद्यार्थ्याने लिहावे, शिक्षकाने तपासावे आणि ते खऱ्या वाचकापुढे जावे, ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात 1908 साली वॉल्टर विल्यम्स यांनी पत्रकारितेचे विद्यालय काढले आणि पहिल्याच दिवशी वृत्तपत्राचा अंक बाहेर आला. विद्यार्थी बातम्या आणीत, अध्यापक संपादन करीत. वर्गातला सराव म्हणून नव्हे, तर गावाने विकत घेऊन वाचावे म्हणून ते पत्र निघत होते. पुढे या रीतीचे गोडवे जगभर गायले गेले आणि ते उगाच नव्हेत. लिहिणे छापून आले की लिहिणारा बदलतो, हे आपण आपल्या चळवळीतही पाहिले आहे.

पण या छापखान्याचे दार कोणाला उघडे होते?

ल्यूसिल ब्लूफर्ड ही कृष्णवर्णीय तरुणी 1932 साली कॅन्सस विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडली आणि ‘कॅन्सस सिटी कॉल’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात काम करू लागली. 1939 च्या जानेवारीत तिने मिसुरीच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला. गुणपत्रक पाहून प्रवेश मंजूर झाला. कागदावर रंग दिसत नाही. ती नाव नोंदवायला प्रत्यक्ष गेली आणि तिला परत पाठविण्यात आले. तिने एकूण अकरा वेळा प्रयत्न केले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही बाई शिकाऊ नव्हती. तिचे लेखन आठवड्याला छापून येत होते, हजारो लोक ते वाचत होते. म्हणजे नकार तिच्या लेखणीला नव्हता, कातडीला होता. गुणवत्तेचा मुखवटा इथे पुरता गळून पडतो.

ती न्यायालयात गेली. 1941 साली मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मेख मारली: कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठाला असा अभ्यासक्रम सुरू करण्याची संधी आधी मिळाली पाहिजे. 1942 साली लिंकनमध्ये घाईघाईने पत्रकारितेचे विद्यालय उघडले गेले. त्याच वर्षी मिसुरी विद्यापीठाने आपला पदव्युत्तर वर्गच बंद केला. युद्धामुळे विद्यार्थी घटले, असे कारण दिले गेले. विहीर बाटू नये म्हणून विहीरच बुजवायची, हा न्याय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

(हे विद्यालय ज्या गावात आहे त्याचे नाव कोलंबिया. बाबासाहेब 1913 साली ज्या कोलंबियात गेले ते न्यूयॉर्कचे विद्यापीठ. नाव एक, देश एक; पण एका दारातून बाबासाहेब आत गेले आणि दुसऱ्या दारातून त्या देशाचीच मुलगी परत आली. अमेरिकेविषयी सरसकट बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

आता आपल्याकडे पाहू. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला. विद्यार्थिनीचे लेखन सार्वजनिक पत्रात, आणि तेही मिसुरीच्या त्रेपन्न वर्षे आधी! पण पत्र मिशनऱ्यांचे होते, आणि मुक्ताचे दुसरे लेखन आपल्या हाती नाही. एकदा छापून येणे आणि लिहीत राहता येणे यांत फार अंतर आहे. 1920 साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, 1967 साली औरंगाबादेत प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मिता’ काढले, ते या अंतरासाठीच. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. एका शिक्षकाने चालविलेल्या त्या नियतकालिकाने किती विद्यार्थ्यांना लेखक केले!

प्रस्थापित वृत्तपत्रांत मात्र काय झाले? 1996 साली पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधला. त्यांना एकही सापडला नाही. 2006 साली दिल्लीतील 37 हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतील 315 निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. त्यांतही दलित वा आदिवासी एकही नव्हता. वर्गात राखीव जागा आहेत. संपादकांच्या खोलीत नाहीत.

ब्लूफर्ड पुढे ‘कॉल’ची संपादक झाली. मिसुरी विद्यापीठाने 1989 साली तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्या हजारो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या विद्यापीठाने डावलले त्यांच्या वतीनेही मी ती स्वीकारते, अशा अर्थाचे ती बोलली. अर्ज आणि पदवी यांत पन्नास वर्षे गेली.

माझ्या विद्यार्थ्याला मी सुचविले की, तुझा वृत्तांत आपल्याच एखाद्या नियतकालिकाकडे देऊ. तो म्हणाला, ‘आपल्या माणसांना पाणवठा ठाऊक आहे, सर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडेच पुन्हा पाठवा.’

मी पुन्हा पाठविला आहे, जातीसकट.